आधीच भरलेले रकाने

माझ्या लॅपटॉपमध्ये एक फोटो आहे. चेन्नईतल्या अंबत्तूरच्या एका शीतगृहातल्या लॉगबुकचं पान. चौदा उभे रकाने, चोवीस आडव्या ओळी, निळ्या बॉलपेनने लिहिलेले आकडे, आणि उजव्या कोपऱ्यात, पान उलटताना अंगठा लागतो तिथे, तेलाचा तपकिरी ठसा. फोटो काढला तेव्हा मी फाइलला ‘अडचण’ असं नाव दिलं होतं. ते अजून बदललेलं नाही.

हे पान ज्या खोलीतलं आहे तिथे अमोनियाचे दोन कॉम्प्रेसर चालतात. पाइपात असेपर्यंत अमोनिया मासे, वाटाणे आणि आइस्क्रीम गोठवतो. बाहेर आला तर आधी डोळे धरतो, मग घसा, मग फुफ्फुसं. त्या खोलीत प्रत्येक पाळीला एक माणूस असतो. त्याने दर तासाला खुर्चीतून उठायचं, चौदा ठिकाणी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि लिहायचं. त्याची सुरक्षितता मुख्यतः या उठण्यावर अवलंबून असते. मी केलेल्या कामानंतर तो उठेनासा झाला. हे कसं झालं, ते क्रमाने लिहितो.

मी काम शिकलो वर्तमानपत्रात. पुण्यातल्या एका मराठी दैनिकात नऊ वर्षं पानं लावली. बाहेरच्या लोकांना वाटतं की पान रोज कोऱ्यापासून सुरू होतं. तसं नसतं. कालच्या पानाची प्रत उघडायची, तारीख बदलायची, जुन्या बातम्या काढून नव्या भरायच्या. जे रोज तेच असतं ते राहू द्यायचं. पानाचा माथा, सदरांच्या पट्ट्या, हवामानाची चौकट. चौकटीतले आकडे मात्र बदलायचे: सूर्योदय, सूर्यास्त, चंद्रोदय.

एका संकष्टीला ते बदलायचे राहिले. आदल्या दिवशीचा चंद्रोदय छापला गेला, म्हणजे जवळपास पाऊण तास आधीचा. दुसऱ्या दिवशी एक निवृत्त गृहस्थ कात्रण घेऊन कचेरीत आले. ते ओरडले नाहीत. माझ्या टेबलापाशी बसले आणि कात्रण समोर ठेवलं.

“काल आभाळ होतं का तुमच्याकडे?” मी विचारलं.

“छे, स्वच्छ होतं.”

“मग चंद्र उगवला नाही, हे दिसलं असेल.”

“खिडकीतून पाहिलंच नाही कोणी,” ते म्हणाले. “तुमच्या पेपरात वेळ होती ना. घड्याळ बघितलं आणि पानं वाढली.”

आम्ही चार ओळींचा खुलासा छापला. मुख्य उपसंपादक पुढे महिनाभर मला विचारत होते, “काय, चंद्राला फोन लावला का आज?” मीही हसायचो. गृहस्थांचं वाक्य माझ्या लक्षात राहिलं, पण एक गमतीचा किस्सा म्हणून. त्यात एक नियम होता, तो मी वाचला नाही.

बायको बँकेत अधिकारी आहे. तिची चेन्नईला बदली झाली तेव्हा मी नोकरी सोडली. इथे मराठी पान लावणाऱ्या माणसाची कोणालाच गरज नव्हती. गिंडीतल्या एका छोट्या कंपनीला सॉफ्टवेअरचे स्क्रीन ‘जरा नीट मांडून’ देणारं कोणीतरी हवं होतं. माणसाने आधी काय पाहावं, मग काय, बोट कुठे जावं, कुठे थांबावं, हे ठरवायचं. पान लावण्यापेक्षा ते फार वेगळं नव्हतं. त्या कामाला यूएक्स म्हणतात, हे मला ते करायला लागल्यानंतर कळलं. काही वर्षांनी सिरुसेरीतल्या मोठ्या कंपनीत गेलो. आधी डिझायनर, मग टीमचा प्रमुख. या घटना घडल्या तेव्हा माझ्या हाताखाली अकरा जण होते.

त्यांतली एक मुलगी तंजावरकडच्या मराठी घरातली. अंबत्तूरमध्ये राहते, वडील निवृत्त सरकारी नोकर. तिचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी घरातून निघालेलं आणि वाटेत तमिळचा सूर घेतलेलं. पहिल्या आठवड्यात ती मला म्हणाली, “सर, तुमचें मराठी पेपरासारखें आहे.”

“आणि तुझं?”

“आमचें शिलालेखासारखें. पण तुमचें तमिळ कशासारखेंही नाहीं. ऑटोवाला तुम्हांस हिंदींत उत्तर देतो, मी पाहिलें आहे.”

शीतगृहाच्या कामावर मी तिलाच घेतलं. तिला तमिळ येत होतं आणि तिचं घर तिथून जवळ होतं. कामाचं स्वरूप साधं होतं. आमची कंपनी लहान कारखान्यांसाठी देखभालीचं सॉफ्टवेअर करत होती. कागदी लॉगबुकच्या जागी टॅबलेट आणायचा होता. कॉम्प्रेसर जुने, त्यांच्यावरचे गेज काट्याचे. त्यांना वायर जोडून आकडे थेट स्क्रीनवर आणण्याची सोय नव्हती. वाचणार माणूसच. फक्त कागदाऐवजी काचेवर लिहिणार.

दिवसपाळीचा ऑपरेटर साठीला टेकलेला होता. त्याच खोलीत वीस वर्षं. आम्ही आत शिरलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो मुलीला तमिळमध्ये काहीतरी म्हणाला. ती हसली.

“काय म्हणतात?”

“म्हणतात, साहेबांस सांग, इथें मोकळेपणीं रडावें. कोणी कारण विचारत नाहीं.”

त्याने आम्हाला त्याची फेरी दाखवली. मी मागे घड्याळ लावून चालत होतो, आमच्या कामाची ती रीत आहे. प्रत्येक गेजसमोर तो थांबायचा, आकडा तमिळमध्ये स्वतःशीच मोठ्याने म्हणायचा आणि मग लिहायचा. पाण्याच्या पंपावर तळहात ठेवायचा. तेलाच्या काचेवरून अंगठा फिरवून ती पुसायचा, तेव्हा पातळी दिसायची. दर पाळीला एकदा तो गंधकाची काडी पेटवून पाइपांच्या सांध्यांजवळून फिरवत असे. अमोनिया गळत असेल तर जळत्या गंधकाचा धूर पांढरा आणि दाट होतो. वासावर विसंबता येत नाही, असं त्याने सांगितलं. खोलीत थोडा वास कायम असतो आणि नाक त्याला सरावतं.

फेरीला अकरा मिनिटं लागली. मी ते लिहून घेतलं.

मॅनेजर चाळिशीचा होता, स्वच्छ शर्टातला. त्याने लॉगबुक दोन बोटांत धरून दाखवलं. “हे बघा. ऑडिटरला हे द्यायचं. यात वडा गुंडाळून आणला होता असं वाटतं.” मी ठशाचा फोटो काढला तो तेव्हा.

आम्ही पहिला नमुना केला तेव्हा चौदा रकाने कोरे होते. ऑपरेटरची बोटं जाड आणि तेलकट. काचेवर एकेक आकडा उमटवायला, चुकलेला पुसायला, पुन्हा लिहायला फेरीनंतर वेगळी चार-पाच मिनिटं जात. मॅनेजर कुरकुरला. सिरुसेरीतल्या बैठकीत मी फळ्यापाशी उभा राहिलो आणि जे मला नऊ वर्षं येत होतं ते सांगितलं. फेरी कोऱ्यापासून सुरू करू नका. मागच्या तासाचे आकडे रकान्यांत आधीच भरलेले ठेवा. माणसाने जाऊन पाहायचं, जे बदललं असेल तेवढंच बदलायचं, खाली ‘बरोबर’ दाबायचं. चौदातले दहा आकडे सहसा बदलतच नाहीत.

खोलीत सगळ्यांना ते पटलं. तंजावरची मुलगी म्हणाली, “आणि न पाहतांच दाबलें तर?”

“वीस वर्षं काम केलेला माणूस आहे तो. न बघता कशाला दाबेल?”

“वीस वर्षें रकाना कोरा होता, सर.”

तिचं वाक्य मी ऐकलं. बैठकीच्या टिपणात ते नाही. टिपण मी लिहिलं होतं.

चाचणीला आम्ही पुन्हा अंबत्तूरला गेलो. वापरणाऱ्याची चाचणी घेताना त्याचा वरिष्ठ खोलीत असू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी मॅनेजरला बाहेर बसायची विनंती केली. “मी काही बोलत नाही,” तो म्हणाला आणि ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभा राहिला. ऑपरेटरने फेरी मारली, परत येऊन दोन आकडे बदलले, ‘बरोबर’ दाबलं. लिहिण्याला चाळीस सेकंद. “सूपर, सार,” तो म्हणाला. मी विचारलं, काही समजायला कठीण वाटलं का? त्याने मॅनेजरकडे न बघता मान हलवली. सगळं सोपं आहे. अहवालात आम्ही लिहिलं: वापरकर्ता समाधानी.

त्याला एक प्रश्न आम्ही विचारला नाही. ‘हे आकडे इथे कुठून आले, असं तुम्हाला वाटतं?’

कंपनीत या कामाचं कौतुक झालं. मी केलेल्या सादरीकरणात एका स्लाइडवर दोन फोटो शेजारी शेजारी होते. डावीकडे तेलाचा ठसा. उजवीकडे स्वच्छ टॅबलेट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी मला संपूर्ण डिझाइन विभागाचा प्रमुख केलं. मागचा आकडा लक्षात ठेवणारा तो रकाना कंपनीच्या तयार तुकड्यांच्या साठ्यात ठेवला गेला. तिथून कोणतीही टीम तो उचलून आपल्या स्क्रीनमध्ये बसवू शकत होती. त्याच्या माहितीत करणारा म्हणून माझं नाव आहे.

सात-आठ महिन्यांनी एका सकाळी मुलगी लॅपटॉप उघडा धरूनच माझ्या टेबलाशी आली. आमच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी आम्हाला इथे बसून दिसत. तिने शीतगृहाचा एक दिवस उघडला होता. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत प्रत्येक तासाला तेच चौदा आकडे.

“प्लांट स्थिर असेल,” मी म्हणालो.

“ही तारीख पाहा.”

मला तारखेत काही दिसलं नाही.

“त्या दिवशीं अंबत्तूरला शटडाउन होता, सर. नऊपासून पांचपर्यंत आमच्या रस्त्यावर करंट नव्हता. पेपरांतही आलें होतें. शीतगृह आमच्याच लाइनीवर आहे. जनरेटरवर ते दिवेच चालवितात, खोल्यांचीं दारें बंद ठेवून थंडी धरतात. कॉम्प्रेसर बंद होते.”

मी नोंद पुन्हा पाहिली. दहा वाजता डिस्चार्ज प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब, एकशे शहाऐंशी. अकरा वाजता एकशे शहाऐंशी. बारा वाजताही. बंद पडलेली दोन यंत्रं पूर्ण दाबाने चालत होती, आणि प्रत्येक तासाखाली ‘बरोबर’ होतं.

मी घरी हे बायकोला सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं. “आमच्याकडे लिहिणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा,” ती म्हणाली. “तपासणाऱ्याला लिहिलेलंच समोर येतं, तरी तो पाहत नाही, म्हणून ओरडाआरडा असतो. तू तर दोघांना एकच केलंस. आणि त्याला सांगितलंही नाहीस.”

दुसऱ्या दिवशी मी उत्पादनाच्या प्रमुख बाईंकडे गेलो. त्या हुशार आहेत आणि वेळ घालवत नाहीत. त्यांनी नोंद पाहिली.

“कोणाला काही झालंय?”

“नाही.”

“यंत्र बिघडलंय?”

“माहीत नाही. तेच तर म्हणतो आहे. नोंदीवरून आता काहीच कळणार नाही.”

“तुमच्याच भाषेत सांगते,” त्या म्हणाल्या. “मग ही बातमी नाही. एका ऑपरेटरचा आळस आहे. ट्रेनिंगवाल्यांना सांगा. आणि हो, मेल लिहिणार असाल तर शब्द जपून. नव्या ग्राहकांना आपण चाळीस सेकंद सांगितलेत.”

मी मेल लिहिला. पहिलं वाक्य होतं: ‘ऑपरेटर फेरी मारत नाहीत.’ ते मी काढलं. पाठवलेल्या मेलमध्ये ते असं आहे: ‘काही ठिकाणी नोंदींमध्ये लक्षणीय सातत्य आढळते.’ सातत्य हा शब्द मी निवडला. तो खोटा नव्हता. माझा वार्षिक आढावा पुढच्या महिन्यात होता, हेही इथे नोंदवतो. मेलला उत्तर आलं नाही. आढावा चांगला झाला. या सगळ्यात पाच आठवडे गेले. मुलगी रोज सकाळी शीतगृहाची नोंद उघडायची आणि माझ्याकडे न बघता बंद करायची.

शेवटी एका सकाळी तिनेच विचारलं, “जाऊं या का?”

आम्ही तिच्या स्कूटरवर गेलो. खोलीत तोच आवाज. ऑपरेटर खुर्चीत बसलेला, समोर स्टँडवर टॅबलेट. काचेवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. त्यावर एकही डाग नव्हता. फक्त खाली, ‘बरोबर’च्या जागी, बोट लागून लागून प्लास्टिक थोडं धुरकट झालं होतं.

त्याने आम्हाला ओळखलं. “सार, आज रडायला लवकर आलात,” तो म्हणाला, आणि मुलीने ते मला सांगितलं. माझे डोळे खरंच जास्त चुरचुरत होते. मला वाटलं, सवय गेली.

एकची वेळ झाली. टॅबलेटने घंटी दिली. त्याने हात लांब केला आणि ‘बरोबर’ दाबलं.

मुलीने तमिळमध्ये शांतपणे विचारलं (हे बोलणं तिने मला नंतर सांगितलं), “ऐया, उठून बघायचं नाही?”

“कशाला?” त्याला प्रश्नच कळला नाही. “ते सांगतं ना. मी फक्त सही करतो.”

“कोण सांगतं?”

“मशीन.” त्याने कॉम्प्रेसरकडे बोट केलं, मग टॅबलेटकडे. “आतून आकडे येतात. तुम्हीच बसवलं ना? सुरुवातीला महिनाभर मी दोन्ही बघत होतो. गेजवर तेच, इथे तेच. मग मॅनेजर म्हणाला, लवकर आवरतं तर कशाला फिरतोस.”

 मग तिने त्याला सांगितलं. आतून काही येत नाही. मागच्या तासाला जे दाबलं तेच पुन्हा दिसतं. त्याआधी जे दाबलं ते तेव्हा दिसलं होतं. तमिळमधलं ते बोलणं मला शब्दशः कळलं नाही. त्याचा चेहरा मला दिसत होता.

“म्हणजे हे माझेच आकडे?” तो म्हणाला.

“हो.”

“कधीचे?”



तो उठला. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. कपाटातून गंधकाच्या काड्यांचा डबा काढला. काड्या ओल धरून एकमेकींना चिकटल्या होत्या. त्याने एक सोडवली, तीन वेळा पेटवायचा प्रयत्न केला, चौथ्यांदा ती पेटली. पहिल्या कॉम्प्रेसरच्या सांध्यांवरून फिरवली. निळसर ज्योत, पातळ धूर. दुसऱ्याच्या मागे, भिंतीकडच्या व्हॉल्व्हपाशी त्याने हात नेला आणि धूर पांढरा झाला. क्षणात इतका दाट झाला की त्याचा हात मनगटापर्यंत दिसेना.

“बाहेर,” तो म्हणाला. हा शब्द मला तमिळमध्येही कळला.

आम्ही बाहेर पडलो. त्याने दारावरचा मास्क चढवला, त्यावर ओलं फडकं बांधलं आणि परत आत गेला. बाहेर मॅनेजर फिटरला फोन लावत होता. वीस मिनिटांत व्हॉल्व्हचं पॅकिंग आवळून झालं. “कॉम्प्रेसर म्हटला की हे चालूच असतं,” मॅनेजर आम्हाला म्हणाला. गळती किती दिवसांची होती, ते कोणी सांगू शकलं नाही. नोंदीप्रमाणे त्या व्हॉल्व्हपाशी सगळं ठीक होतं. दर तासाला.

ऑपरेटर बाहेर आला, नळाखाली डोळे धुतले आणि पायरीवर बसला. त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर मला ते लिहिणं सोपं गेलं असतं. त्याने मॅनेजरकडे त्याची जुनी वही मागितली. मॅनेजर म्हणाला, नाही, दोन नोंदी ठेवल्या की ऑडिटर दोन्ही मागतो. तेव्हा मुलगी समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेली आणि एक जाड रजिस्टर घेऊन आली. पायरीवर बसूनच तिने पहिल्या पानावर पट्टीने चौदा रकाने आखले. त्याने ते डब्याच्या पिशवीत ठेवलं.

या वेळी मी मेलमध्ये ‘सातत्य’ लिहिलं नाही. गळती असं लिहिलं. प्रमुख बाईंनी आठवड्याच्या आत बदल करून घेतला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. भरलेले रकाने काढले नाहीत, कारण चाळीस सेकंदांचा शब्द दिलेला होता. ‘बरोबर’च्या वर एक चौकोन आला: ‘मी प्रत्यक्ष जाऊन पाहिले आहे.’ त्यात खूण केल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. बैठकीत मी त्याला होकार दिला. भरलेले रकाने निघाले पाहिजेत असं मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही.

दर शनिवारी ऑपरेटर मुलीच्या फोनवर रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवायचा. आकडे हलत होते. एकशे ऐंशी, एकशे चौऱ्याऐंशी, पाऊस पडला त्या दिवशी एकशे बहात्तर. कोपऱ्यात ठसा. ती फोन माझ्यासमोर धरायची आणि फक्त तो कोपरा मोठा करून दाखवायची.

मग तो निवृत्त झाला. शेवटच्या दिवसाचे दोन फोटो आले. एकात त्याच्या खांद्यावर शाल आणि शेजारी मॅनेजर. दुसऱ्यात रजिस्टरचं पान, शेवटची ओळ दुपारी दोनची. डिस्चार्ज एकशे अठ्ठ्याऐंशी, सक्शन सव्वीस, तेल अर्ध्या काचेच्या जरा वर. खाली त्याने तमिळमध्ये लिहिलं होतं की रजिस्टर कपाटात ठेवून जातो आहे, पुढच्या माणसाला दाखवा.

पुढचा माणूस कंत्राटावर आला. त्याने रजिस्टर पाहिलं की नाही, मला माहीत नाही. पुढच्या शनिवारी फोटो आला नाही. त्यानंतरच्याही नाही.

सोमवारी सकाळी मी नोंद उघडली. डिस्चार्ज एकशे अठ्ठ्याऐंशी. सक्शन सव्वीस. तेल अर्ध्या काचेच्या जरा वर. मागे मागे जात राहिलो. दोन आठवडे, तिन्ही पाळ्या, प्रत्येक तास. घरी गेलेल्या माणसाचे आकडे अजून कामावर होते. आणि प्रत्येक ओळीत ‘मी प्रत्यक्ष जाऊन पाहिले आहे’ या चौकोनात खूण होती.

मुलीने तो चौकोन तपासला. तिला दोन मिनिटं लागली. ज्या टीमने तो बसवला तिने कंपनीच्या साठ्यातला तयार तुकडा वापरला होता. माझा. तो मागची खूण लक्षात ठेवत होता.

“एकदांच केली असेल त्यांनीं,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशीं.”

“ती खूण त्याची असेल,” मी म्हणालो. “जुन्याची. त्याने खरंच पाहिलं होतं.”

मी शीतगृहाला फोन लावला. मॅनेजरने उचलला. मागे कॉम्प्रेसरचा आवाज येत होता, म्हणजे तो खोलीतच किंवा दारात होता. मी नमस्कार केला नाही.

“दुसऱ्या कॉम्प्रेसरचं डिस्चार्ज प्रेशर आत्ता किती आहे, तेवढं सांगा. मी फोनवर थांबतो.”

“काही प्रॉब्लेम आहे का, सर?”

“आधी आकडा सांगा.”

“एक मिनिट हां,” तो म्हणाला. “स्क्रीनवर बघून सांगतो.”